आवळण्याची दिशा

धातू का तुटतात हे सांगणे हा माझा व्यवसाय. मोडलेले बोल्ट, दुभंगलेले आस, फाटलेल्या नळ्या प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर येत, आणि मी भिंगाखाली त्यांचे तुटके तोंड पाहून कारण लिहीत असे. निष्कर्ष लिहिताना अक्षर सुबक ठेवण्याची मला सवय होती. ‘कारण अज्ञात’ हे शब्द मी एकदाही लिहिले नव्हते. उजेड पुरेसा असेल तर कारण दिसतेच, असे माझे मत होते.

धाकट्या भावाचे गॅरेज उताराच्या गल्लीच्या टोकाला होते. पत्र्याची लांबट शेड. ट्रक आत आला की दोन्ही अंगांना एक माणूस आडवा होऊन सरकेल एवढीच फट उरायची. त्या दुपारी तिथे लांब नाकाचा, पेट्रोलवर चालणारा एक जुना ट्रक मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. इंजिनाला चार सिलिंडर, प्रत्येकात ठिणगी टाकणारा एक प्लग, आणि चारही प्लग एकाच अंगाला, भिंतीलगतच्या फटीत.

“ज्याने हे इंजिन बांधलं ना ताई, त्याला मी एकदा या फटीत उभा करणार आहे,” मामा म्हणाले. मामा हे भावाचे जुने फिटर. ते कोणाचेच मामा नव्हते, पण सारी गल्ली त्यांना मामाच म्हणे.

मला बोलावण्याचे कारण साधे होते. प्लग काढताना मोडत होते. वर्षानुवर्षे हात न लागलेला प्लग काजळीने आणि गंजाने इंजिनाच्या हेडमध्ये धरून बसतो. तो सोडवण्याची रीत ठरलेली आहे. पाव फेरा सैल करायचा, मुळाशी पातळ तेल सोडायचे, मुरू द्यायचे, मग पुन्हा पाव फेरा. घाई केली की वरचा भाग हातात येतो आणि आट्यांचे नळकांडे आतच राहते. पहिला प्लग अखंड निघाला होता. दुसरा आणि तिसरा मोडले. त्यांची नळकांडी उलट्या आट्यांची सळी ठोकून बाहेर ओढावी लागली. चौथाही मोडला होता, आणि त्याचे नळकांडे अजून आतच होते.

“घाई केलीत, मामा,” मी म्हणाले.

“मी? मी लग्नालासुद्धा घाई केली नाही, म्हणून तर राहून गेलं. पाव फेरा सैल केला, खडूने खूण केली, तेल सोडलं, आणि आम्ही चहाला गेलो. येऊन बघतो तर खूण पहिल्या जागी. प्लग परत आवळलेला.”

“खूण करताना चुकला असाल.”

“एकदा चुकेन. चारही प्लगांना?”

“चारदा चुकणाऱ्या माणसाचं एकदा चुकणाऱ्यापेक्षा मला कमी आश्चर्य वाटतं.”

भाऊ फटीतून हसला. “मामा, हिच्या नादी लागू नका. लहानपणी भुताची गोष्ट रंगात आली की ही पुरावा मागायची.”

मी बाकावर दिवा ओढला आणि मोडलेले तुकडे भिंगाखाली धरले. पोलाद पिळवटून तुटले होते. पीळ स्वच्छ दिसत होता. पण पिळाची एक अडचण असते. दोन टोके विरुद्ध दिशांना फिरली एवढेच तो सांगतो. वरचे टोक मामांच्या पान्यात होते. खालचे नुसते अडकून बसले होते, की वरून सैल होत असताना आतून कोणी आवळत होते, हे मोडलेल्या तोंडावरून कळत नाही. दोन्हींची खूण अगदी एकच. अशा वेळी आम्ही नुसते अडकणे गृहीत धरतो. गृहीत धरण्यासारखे दुसरे काही नसते.

मग मी अखंड निघालेला पहिला प्लग उचलला. वरून तो तेलकट आणि मळका होता. आतल्या टोकाला, जिथे काजळीचा जाड थर असायला हवा, तिथे पोलाद लख्ख होते. सतत हात लागून कडीकोयंडा गुळगुळीत होतो, तसे.

“ताई.” भावाचा आवाज आला. “जरा इकडे ये. हसू नकोस.”

त्याने चौथ्या प्लगाच्या नळकांड्यात करंगळी घातली होती. प्लगातल्या चिनीमातीचा फुटका तुकडा आत पिस्टनवर पडला आहे का, ते पाहायला. चुंबक चिनीमाती उचलत नाही आणि बॅटरीचा झोत भोकात वळत नाही, म्हणून या धंद्यात सगळेच बोट घालतात. करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत गेली होती, आणि परत येत नव्हती.

“वा!” मामा म्हणाले. “प्लग अडकला इंजिनात, मालक अडकले प्लगात. आता मालकांना काढायला सळी कुठे ठोकायची?”

मी ट्रकखालून सरपटत भावाच्या पलीकडे, फटीच्या आतल्या टोकाला गेले. तिथूनच बोट नीट दिसत होते. पाठीला भिंत, छातीला मडगार्ड. तेल सोडून पाहिले. दोरा गुंडाळून पाहिला. बोट वळेना, सरकेना. नळकांडे फिरवावे तर तेही हेडमध्ये पक्के.

एवढ्यात भावजय आली. संध्याकाळी दोघांना बाहेर जायचे होते. दारातून सगळा प्रकार पाहून ती म्हणाली, “घरी कधी पाच मिनिटं एका जागी उभे राहत नाहीत हे. बरं झालं, कोणीतरी धरून ठेवलं.” पण फटीच्या तोंडाशी येऊन तिने भावाचा चेहरा पाहिला, आणि साबणाचे पाणी करायला गेली.

साबणानेही काही झाले नाही. मामा शेजारच्या वर्कशॉपमध्ये लोखंड कापायचे यंत्र आणायला निघाले. जाताना त्यांनी ट्रकच्या पलीकडच्या अंगाने इंजिनावरचे झाकण काढून मला दाखवले: चौथ्या सिलिंडरची एक झडप उघडीच होती. म्हणजे आत हवा मोकळी होती आणि बोट हवेच्या ओढीने धरलेले नव्हते. उरली सूज. तसे मी भावाला सांगितले.

तो माझ्या कानाशी वाकला. बायकोला ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

“अडकलेलं नाहीये, ताई. धरलंय.”

“बोट आवळलं गेलं की त्यात आपलीच नाडी लागते. तेच तुला जाणवतंय.”

“नाडी मला कळते.”

“मग तपासू. आतून दाब आला की टाच आपट.”

मी त्याचे दुसरे मनगट धरले. नाडी धावत होती. मी वाट पाहत राहिले. टाच आपटली. नाडीचे कितीतरी ठोके गेले. पुन्हा टाच. दाब नियमित होता आणि फार संथ होता. गाढ झोपलेल्या माणसाचा श्वास चालतो, इतका संथ.

याचे स्पष्टीकरण मी दिले नाही. देता आले असते, पण ते मला स्वतःला पटले नसते.

“काय गं?” भाऊ म्हणाला. “बोल ना.”

“घाबरलं की स्नायू आकसतात.”

“खोटं बोलतेस. तुला खोटं बोलता येत नाही.”

मग त्याने एकदम हात ओढायला सुरुवात केली. सारा ट्रक हलेल अशा जोराने. पेराची कातडी सोलली, नळकांड्याच्या कडेवर रक्ताची बारीक रेघ आली. तो हिसके देतच होता. त्याच्या हातांवर त्याचे घर चालते. अजून दोन हिसक्यांत बोट सांध्यातून जाणार हे मला दिसत होते.

“मामा येईपर्यंत थांब!”

“मला बाहेर काढ. काप हवं तर. काप, ताई!”

“आत काही नाही! हे बघ. इंजिन तेच, भोक तसंच.”

माझ्या समोर पहिल्या प्लगाचे रिकामे भोक होते. त्याला शांत करण्यासाठी, पुरावा म्हणून, मी त्यात उजव्या हाताची तर्जनी घातली. आत कोमट होते. किंचित दमट. बाकी काही नाही.

“बघ,” मी म्हणाले. “काही नाही.”

भाऊ मागच्या मागे धडपडला आणि भिंतीवर आदळला.

“सुटलं!” तो ओरडला. “आपोआप सुटलं गं!”

फटीतून आडवा सरकत तो दाराकडे गेला. मला त्याची पाठ दिसली, मग उन्हात त्याचा अर्धा खांदा. भावजय रडत होती आणि हसतही होती.

“अहो, आणि बोटाला काजळी कशी नाही लागली?” तिचा आवाज आला. “उलट पांढरंफटक पडलंय. सुरकुत्या बघा. किती वेळ पाण्यात धरून ठेवल्यासारखं.”

मी बोट काढायला गेले.

ते निघाले नाही.

चौथ्या भोकात मोडके नळकांडे होते, धारदार कडा होती, सूज होती. माझ्यासमोरचे भोक पूर्ण मोकळे होते. मी वाकून पाहिले. बोटाभोवती चहूकडून काळोखी फट दिसत होती. पोलाद माझ्या कातडीला कुठेही टेकलेले नव्हते.

मी पुन्हा ओढले. हळू.

मग दाब आला. संथ. गेला. पुन्हा आला.

“ताई, चल ना,” भाऊ दारातून म्हणाला. “तिथे काय करतेस? येऊ का आत?”

तो आला असता. आला असता, तर त्याने माझ्यासारखेच केले असते. माझ्याशेजारी उभा राहून दुसऱ्या एखाद्या भोकात बोट घातले असते. पुराव्यासाठी नव्हे. माझ्यासाठी.

“नको,” मी म्हणाले. आवाज नेहमीसारखा निघाला, याचे मला बरे वाटले. “आधी ते बोट डॉक्टरला दाखव. तू हो पुढे. मी आलेच.”

“नक्की?”

“अरे, हो म्हटलं ना.”

स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मग उतारावर गेल्याचा.

आत बोटावरची पकड किंचित बदलली. पाना नीट बसवून घेताना मामा बदलतात, तशी.

मग पाव फेरा. आवळण्याच्या दिशेने.

आणि मग ते थांबले. मुरू देतात, तसे.