बारीक अक्षरांची ओळ

"तुमच्यामुळे माझे तीन फॉर्म गेले!"

दुकानाच्या दारात एक उंच तरुण उभा. गळ्यात बँकेचं ओळखपत्र, हातात उघडं पेन, आणि चेहरा असा, की जणू मी त्याचा खिसाच कापलाय.

सोमवारपासून आमच्या समोरच्या पॅसेजमध्ये त्याचं क्रेडिट कार्डांचं टेबल लागलं होतं. आमचं म्हणजे मामाचं चष्म्याचं दुकान. डोळे मी तपासते. जवळचा नंबर काढताना वाचायला द्यायचा तक्ता फाटला होता, म्हणून मी त्याच्या टेबलावरचं एक माहितीपत्रक उचलून आणलं. तळाशी इतकी बारीक अक्षरं... चाचणीला अगदी फर्स्टक्लास!

फक्त एक झालं. लोक नव्या भिंगातून ती ओळ मोठ्याने वाचायचे. "पहिलं वर्ष मोफत... दुसऱ्या वर्षापासून वार्षिक फी तीन हजार..." ते ऐकून टेबलापाशी सही करायला बसलेलं गिऱ्हाईक पेन ठेवून चालू लागायचं.

"अक्षरं मी बारीक छापली का?" मी म्हटलं. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

त्याने भांडायला तोंड उघडलं आणि... हसूच आलं त्याला. डाव्या गालावर खळी. अगं बाई, हे कुठे पत्रकात लिहिलं होतं?

घरी मला 'चौकशी खिडकी' म्हणतात, ते काही उगाच नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा घेऊन त्याच्या टेबलासमोर स्टूल ओढलं. मला कार्ड हवंच होतं. आणि खोटं कशाला बोलू, खळीचीही चौकशी करायची होती.

"पॉइंट किती मिळतात?"

"शंभराला दोन."

"आणि त्या पॉइंटांचं करायचं काय?"

त्याने यादी काढली. "वर्षभर खर्च केलात तर... एक इस्त्री."

"आमच्याकडे दोन आहेत. आणखी?"

"छत्री," तो पडेल आवाजात म्हणाला.

"तीन हजार फी भरून छत्री? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!"

तो इतका मोकळा हसला, की मामाने काउंटरवरून मान उंचावून आमच्याकडे पाहिलं.

"बरं, कार्ड हरवलं तर तुमच्याकडे फोन कोण उचलतं?"

"उचलतात की..."

"बघू या?"

फोन स्पीकरवर टाकून आम्ही टेबलाच्या मधोमध ठेवला. एक रटाळ धून वाजू लागली. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' तेवढ्यात तो ताईकडे राहतो हे कळलं. ताईची जुळी मुलं त्याचं ओळखपत्र लपवतात हेही कळलं. शनिवारपर्यंत वीस फॉर्म झाले तर टेबल इथेच राहणार, नाहीतर सोमवारी त्याची दुसऱ्या गावी रवानगी. माझ्या डब्यातला अर्धा घास त्याच्याकडे गेला. तेविसाव्या मिनिटाला पलीकडून बाई म्हणाल्या, "बोला, काय मदत करू?"

मला त्या बाईंचा चक्क राग आला. इतक्यात?

मग रोज तोच उद्योग. आज ही बँक, उद्या ती. एका बँकेने दोन रिंगांत फोन उचलला. फी नाही, पॉइंट जेमतेम, पण बाई नीट समजावून बोलल्या. आमची दोघांची तोंडं पडली. त्या दिवशी बोलायला वेळच मिळाला नाही ना!

शनिवार उजाडला. दुपारपर्यंत एकोणीस फॉर्म झाले. विसावा मी. मनाशी ठरवलं होतं, गेले तीन हजार तर गेले, पण टेबल हलता कामा नये.

"आणा तो फॉर्म."

त्याने फॉर्मवर हात ठेवला. "नको."

"अहो, टेबल जाईल तुमचं!"

"माहितीये. पण हे कार्ड तुमच्या कामाचं नाही. ती दोन रिंगांत उचलणारी बँक घ्या. अडीनडीला माणूस तरी बोलेल."

"आणि तुम्ही?"

"मी..." तो उगाच पेनाचं टोपण लावत राहिला. "तुम्हाला फसवून नाही बसायचं मला इथे."

मी तरातरा दुकानात आले. राग त्याचा आला होता की बँकेचा, कळेना. डोळे मात्र भरून आले. दुसऱ्यांचे डोळे तपासणारी मी, मला समोरचं नीट दिसेना.

विसावा फॉर्म काही आला नाही. संध्याकाळी एक आजोबा नवा चष्मा न्यायला आले. जुनं पत्रक चुरगळलं होतं. माझ्या टेबलावर एक नवं पत्रक कुणीतरी ठेवलेलं दिसलं, तेच त्यांच्या हातात दिलं.

"पहिलं वर्ष मोफत..." आजोबा खणखणीत आवाजात वाचू लागले. "दुसऱ्या वर्षापासून... अगं, खाली पेनाने काहीतरी लिहिलंय. वाचू?"

"वाचा की."

"'तुमच्याशी बोलायला तेवीस मिनिटं फार कमी पडतात. सोमवारी मी जातोय. पण तुम्ही मला फार आवडता. हा माझा नंबर.'"

माझे कान तापले. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"भिंग अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.

"जा गं," मामा खोकत म्हणाला. "आजोबांचं मी बघतो."

बाहेर तो टेबलाचे पाय दुमडत होता, माझ्याकडे पाठ करून. मी पत्रकावरचा नंबर लावला. पहिली रिंग पुरती वाजलीही नाही.

"हॅलो?"

"चौकशी करायची होती."

तो गर्रकन वळला. फोन कानालाच. आम्ही चार पावलांवर.

"वि... विचारा ना."

"पहिलं वर्ष ठीक आहे. दुसऱ्या वर्षापासून काय?"

त्याने दुमडलेलं टेबल भिंतीला टेकवलं. मग खळी उमटली. "दुसऱ्या वर्षीही असाच उचलीन. गाव कुठलंही असो. आणि दर रविवारी येईन... तुमच्या सगळ्या शंका फिटेपर्यंत."

"माझ्या शंका कधी फिटत नाहीत."

"म्हणून तर."

माझा आवाज एवढासा झाला. "मलाही तुम्ही आवडता."

आतून आजोबा ओरडले, "जरा मोठ्याने बोल गं पोरी! डोळ्यांचं झालं, कान राहिलेत अजून!"

मी फोन खाली केला आणि सगळ्या पॅसेजला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले.