पाटीवरच्या गप्पा

दार उघडलं, तर समोर घामाने चिंब झालेला एक तरुण. हातात कागदांची चळत.

"बातमीबाई इथंच राहतात ना?"

तिने नुसती मान डोलावली. बोलायची सोयच नव्हती! भर उन्हाळ्यात तापाने गाठलं, आणि जाताना तो तिचा आवाजही घेऊन गेला. रेडिओवर बातम्या वाचणारीला डॉक्टरांनी बजावलं होतं, घसा सुधारेपर्यंत एक शब्द काढायचा नाही.

"मी सिनेमावाला. सध्या तुमच्या खुर्चीत बसतोय."

अस्सं! म्हणजे रविवारी नव्या चित्रपटांवर बोलतो, तो हा! रविवारी तिची सुट्टी, त्यामुळे माइक एकच असूनही भेट कधी झाली नव्हती. अंथरुणात पडल्या पडल्या ती त्याच्या बातम्या ऐकायची. धरण आटल्याचंसुद्धा तो असं सांगायचा, जणू मध्यंतरानंतर पाऊस येणारच आहे! हा माणूस दिसत असेल तरी कसा? आता दिसला. तसा... बरा होता की.

"परदेशी मंत्र्यांची ही नावं... जीभच वळत नाही हो."

आतून आलेल्या मावशीने भाचीच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. तिने नावं फोडून लिहिली आणि खाली एक ओळ: 'बातम्या वाचताना हसू नये.'

"हसू ऐकू येतं?" तो चपापला.

'स्पष्ट.'

मग तो रोजच येऊ लागला. नावं पटकन आटपायची. सिनेमा मात्र लांबत जायचा. तिला थिएटरात जाता येत नव्हतं, म्हणून तो नव्या चित्रपटांच्या गोष्टी सांगे आणि ऐन रंगात आल्यावर उठे.

'शेवट?'

"आज सांगितला, तर उद्या मला घरात कोण घेईल?"

एका सकाळी तिने आरशापुढे स्वतःलाच हाक मारली... आणि आवाज आला! घोगरा, पण आपला. तिने आधी देवाला हात जोडले. मग मनात आलं — आता तो कशाला येईल? तो आला, तेव्हा तिच्या हातात पाटीच होती. त्या दिवशी, आणि नंतरही.

"मघाशी मोठ्याने पेपर कोण गं वाचत होतं?" मावशीने एकदा विचारलं.

'रेडिओ.'

मावशीने बंद रेडिओकडे पाहिलं. "बिचारा! न लावताच बोलायला लागला."

त्या दुपारी तो आला, तो हात हलवत. कागद नव्हते, हसू नव्हतं.

"साहेब विचारतायत... तुमचा आवाज येणार नसेल, तर मलाच कायम करायचं म्हणतात. आज उत्तर हवंय. काय सांगू?"

त्या खुर्चीत तिचा जीव होता. बोलावं, तर खुर्ची राहील, हा जाईल. गप्प राहावं, तर...

तिने पाटी बाजूला ठेवली.

"सांगा — सोमवारी मी येतेय."

त्याचा चेहरा खुलला, लगेच उतरला. "छान झालं. मग... निघतो."

"एवढंच? आवाज आला कसा, विचारणार नाही?"

"कधीच आलाय. जिन्यात ऐकू यायचा. मी कडी वाजवली की बंद! म्हटलं, बाईंना आपल्याशी बोलायचंच नसेल..."

"वेडे आहात!" तिचा आवाज चिरकला. "तुम्ही येत राहावं... म्हणून तर गप्प होते."

तो दारातच थबकला. मग कुणी न म्हणता, अगदी घरच्यासारखा, चपला काढून आत येऊन बसला.