निळ्या फितीची कलमं

"शंभरावी कुंडी! आता माझे हात गळून पडणार!" छोटी मातीतच बसली.

"सुट्टी म्हणे सुट्टी!" तिचा भाऊ चष्मिस कुरकुरला. मावशीच्या रोपवाटिकेत मजा येईल म्हणून तिघं भावंडं आली होती आणि आठवडाभर नुसती पाणी घालत होती. ताईच्या अंगात तर बोलायचंही त्राण नव्हतं.

तेवढ्यात ‘पटापट साहेब’ ओरडले. रोपवाटिकेच्या मॅनेजरना हे नाव पोरांनीच ठेवलेलं! "गुलाबांना गाठी आल्यात! माळीकाकांनी खत जास्त घातलं. उद्यापासून त्यांना घरी बसवा!"

कामाने पार थकलेल्या मावशीने नुसती मान हलवली. काका आपला कलमं करायचा चाकू फडक्यात गुंडाळू लागले. छोटीला रडूच फुटलं.

"खत तर सगळ्यांनाच घातलंय," ताई पुटपुटली. "मग गाठी थोड्यांनाच कशा? उठा!"

"पुन्हा? अगं, पायांचे तुकडे पडलेत!" पण चष्मिस उठला.

वाकून वाकून त्यांनी चार रांगा पाहिल्या. जिथे कलम बांधलं होतं, तिथेच खडबडीत गाठी होत्या. आणि त्या प्रत्येक रोपाला निळी फीत! इथे कलम बांधणारा आपापल्या रंगाची फीत लावायचा. काकांची फीत पांढरी. पांढऱ्यांत एकही गाठ नव्हती!

ताई मावशीसमोरच साळसूदपणे म्हणाली, "साहेब, निळ्या फितीची कलमं कोणाची हो? किती झटपट झाली!"

"माझी! दिवसाला दोनशे!" साहेब फुलले.

"काका तर दर वेळी चाकू स्पिरिटमध्ये बुडवतात."

"छे! एवढा वेळ कोणाला आहे? पँटला पुसला की झालं!"

मावशीची झोपच उडाली. तिने गाठ निरखली. "अगं बाई! हा तर जिवाणू! अस्वच्छ चाकूबरोबर कलमाच्या जखमेतून शिरतो आणि आपली जनुकं झाडाच्या पेशींत घुसवतो. मग झाड स्वतःच वाढीची संप्रेरकं बेसुमार बनवत सुटतं. गाठ फुगते आणि जिवाणूचं खाणंही तिथेच तयार होतं!"

"म्हणजे झाडालाच राबवून घेतो!" चष्मिस म्हणाला. "आपल्यासारखं!"

साहेबांनी मान खाली घातली. निळ्या फितीची सगळी रोपं उपटून जाळायला मावशीने त्यांनाच लावलं.

"शाबास रे पोरांनो," मावशी म्हणाली. "मी दमले होते, म्हणून न बघताच मान हलवली. चुकलंच माझं. काका, उद्या येणार ना?"

काकांनी फडकं सोडलं आणि चाकू जागेवर ठेवला. "येतो की. पण आज जरा बसू दे."

ते पायरीवर टेकले. शेजारी तिघंही टेकली. छोटी तर टेकताच काकांच्या खांद्यावर झोपली.