गच्चीवरच्या पोरीला विचारलं का?

"उभ्यानं फुकट वाचायचं न्हाई हितं," म्हणत प्रियदर्शनीनं त्याच्या हातातलं कॉमिक मिटवलं, तेव्हा त्याचं बोट आतच राहिलं होतं.

"आवं, शेवटची दोन पानं तर..."

"शेवटच्या दोन पानांचंच तर पैसं असत्यात!"

तो हसला, आणि हसता हसता खोकायला लागला. सांगलीत हळदीचे सौदे सुरू होते. ती सांभाळायची ते नाथाजीमामांचं जुन्या पुस्तकांचं दुकान वखारींना चिकटून, आणि मार्चच्या उन्हात गल्लीतली हवाच पिवळी झालेली. तिथं सगळेच खोकायचे. तिनं तांब्या पुढं केला.

"हळद बसली घशात. हुईल सवय."

पाणी पिताना त्यानं तांब्याच्या काठावरून तिच्याकडं असं बघितलं, की तिला उगाच ओढणी सारखी करावीशी वाटली.

शिवतेज विट्याचा. विट्याकडची पोरं जातात तसा हाही पंधराव्या वर्षी गलाईच्या कामाला मदुराईला गेलेला. सोनं ॲसिडात घालायचं, भट्टीवर मुशीत वितळवायचं, शुद्ध करून द्यायचं. बारा वर्षांनी तो गावी परतला होता आणि आता दर आठवड्याला सांगलीला यायचा.

"एवढं काय काम असतंय सांगलीत?" तिनं एकदा विचारलं.

"एक असतंय असंच. दुसरं तुमच्या दुकानात."

पहिलं काम कोणतं, हे तिनं विचारायला हवं होतं. पण दुसऱ्यानंच कान इतके तापले, की पहिलं राहूनच गेलं.

त्याला वेड होतं 'निळा निखारा'चं. आगीतून चालत जाणारा, तोंडाला मुखवटा बांधलेला नायक.

"एवढा बाप्या माणूस, आन् पोरांची पुस्तकं वाचताय?"

"ह्यांनीच वाढीवलंय मला. तिकडची भाषा कळंना, माणूस वळखीचं न्हाई. मूस तापेस्तोवर हेच वाचायचो. निखारा आगीतनं जातोय, पर कुणाला कायबी सांगत न्हाई. म्हटलं, आपुनबी सांगायचं न्हाई."

"तो मुखवटा तरी बांधतोय की."

"आमालाबी फडकं दिल्यालं. पर मोठी गडी हसायची... मग सोडलं." त्याला पुन्हा उबळ आली. "हळद," तो म्हणाला.

तिला ते पटलं. माणूस आवडायला लागला की काहीही पटतं.

तिनं शेवटच्या पानावर बोट ठेवलं. गच्चीवर एक पोरगी उभी, केस वाऱ्यावर, आणि निखारा पाठमोरा निघालेला. "ही कोण?"

"तिच्यावर त्याचा जीव हाय. पर तिला धोका नगं, म्हणून सोडून जातोय. दर अंकात."

"आन् ही दर अंकात तितंच उभी?"

"व्हय की."

"पाय दुखत असत्याल बिचारीचं!"

तो मोठ्यानं हसला, आणि पान उलटायच्या निमित्तानं त्याचं बोट तिच्या बोटावर आलं... आणि तिथंच राहिलं. पान काही उलटलं नाही.

एप्रिलात त्याच्या घरचे आष्ट्याला तिच्या घरी येऊन तिला रीतसर बघून गेले. बघायचं काय उरलं होतं? चहाच्या ट्रेवरून दोघं हसू दाबत होती. सुपारी फोडायची तारीख ठरली, आणि तारखेच्या तोंडावर त्याचा फोन आला.

"हे लगीन मला करायचं न्हाई. तुमी... मनात भरला न्हाईसा." आवाज सपाट, पाठ केल्यासारखा. फोन बंद.

आष्ट्यात कुजबुज सुरू झाली, की पोरीतच काहीतरी खोट असणार. आई देवापुढं बसून राहिली. प्रियदर्शनी दुकानात यायची, पुस्तकं झटकायची, झटकलेलीच पुन्हा झटकायची. मग एका दुपारी त्याच्या आईचा, विजयमालाबाईंचा फोन आला. त्या आधी नुसत्याच रडल्या.

"शपथ घातलीया त्यानं मला. पर ऱ्हावंना, पोरी. फुप्फुसं गेल्यात त्याची. ॲसिडच्या धुरानं. सांगलीला दवाखान्यातच यायचा गं तो."

तिनं विट्याची एसटी पकडली.

तो ओसरीवर खाटेवर बसलेला. बाजूला ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत होतं. तिला बघताच त्यानं घाईनं नाकातली नळी काढली.

"आधी ती नळी लाव!" ती ओरडली. रागात 'तुमी' कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

त्यानं मुकाट्यानं नळी लावली.

"मनात भरले न्हाई व्हय मी?"

"तुझ्या भल्यासाठीच बोललो."

"माझं भलं तू ठरीवलंस. गावानं माझ्यात खोट काढली. आन् तू हितं बसून निखारा झालास!"

"डाक्टर म्हणत्यात, हाय तितकंच टिकवायचं. सुधारायचं न्हाई. तुला विधवा करू का?"

"आधी नवरी तरी कर!"

दोघंही दचकली. आत विजयमालाबाईंच्या हातून भांडं पडलं.

ती खाटेच्या कडेला टेकली. त्याची नखं निळसर दिसत होती. आजवर त्या बोटांकडं तिनं फक्त लाजूनच बघितलं होतं.

"मला भ्या वाटतंय, शिवतेज," ती हळू म्हणाली. "लय भ्या वाटतंय. येताना एसटीत दोनदा वाटलं, उतरावं आन् माघारी जावं. पर हे भ्या माझं हाय. माझ्या वाटणीचं तू भिऊ नगंस. त्या गच्चीवरच्या पोरीला एकदा तरी कुणी विचारलं का रं, बाई तुला काय पायजे?"

 डोळ्यांतलं पाणी पुसायलाही त्यानं हात उचलला नाही.

"मग इचार," ती म्हणाली. "मी न्हाईबी म्हणीन. पर इचार."

"माझ्यासंगं..." त्याचा दम तुटला. यंत्र घुरघुरलं. "जितकं... दिस..."

पुढचे शब्द तिला ठाऊक होते. ओठांवरही आले होते, पण तिनं ते बोलून टाकले नाहीत. ते त्याचेच होते. ती नुसती बसून राहिली, त्याची छाती वरखाली होताना बघत.

"...लगीन करशील?"

"व्हय," ती म्हणाली. आणि तेवढं बोलायला तिलाही दोनदा श्वास घ्यावा लागला.