शनिवारचा तिसरा तारा

मी मूळची शिरूरची. दौंडला रेल्वेच्या चाळीत मामांकडे राहायला आले आणि पहिल्याच शनिवारी, मारुतीला तेल वाहून परतताना, शेजारच्या दारात एलिया दिसला. हातात रिकामी किटली अन् चेहरा गाडी चुकल्यासारखा.

“आईला चहा हवाय,” तो म्हणाला. “स्टोव्ह आहे, काडेपेटी आहे…”

“मग पेटवा की.”

“आज आमचा शब्बाथ. आम्ही यहुदी लोक शनिवारी विस्तव लावत नाही. कुणाला लाव म्हणायचंही नाही.”

“मग मला सांगताय कशाला?”

“सांगतोय कुठं? नुसता उभा आहे.”

मला हसू आलं. उपासाचा माझाही चहा व्हायचाच होता, तो मी त्यांच्याच स्टोव्हवर ठेवला. त्याची आई मिल्काबाई पदर सावरत म्हणाल्या, “हिला न सांगता कळतं हो.”

तेव्हापासून शनिवारचा माझा चहा तिथंच. शुक्रवारी दिवेलागणीला, शब्बाथ लागायच्या आधी, मिल्काबाई पेल्यात पाण्यावर तेल घालून वात लावायच्या. एलिया शनिवारची ड्यूटी रविवारवर बदलून घ्यायचा आणि दिवसभर उंबऱ्यावर रिकामा बसायचा. लिहायचं नाही, प्रवास नाही… नुसतं बोलायचं.

“मारुतीकडं काय मागतेस गं?”

“मागत नाही. तेल वाहते.”

“बरंय. म्हणजे अजून कुणाच्या नावानं मागितलेलं नाहीस—”

मी कान लाल होईपर्यंत कपबशी विसळत राहिले.

मग त्यांचं इस्रायलला जायचं ठरलं. मिल्काबाईंनी जन्मभर प्रार्थनेत त्या भूमीचं नाव घेतलेलं. नवरा गेलेला, सोबतीला हा एकुलता एक. रविवारी सकाळची मुंबईची गाडी.

शेवटच्या शनिवारी, संध्याकाळी, आम्ही ओट्यावर होतो. आभाळ ढगाळ.

“तीन तारे दिसले की शब्बाथ सुटतो,” तो म्हणाला. “मग तुला एक विचारणार आहे. हो म्हणालीस… तर उद्या मी गाडीत बसणार नाही.”

“आणि मिल्कामावशी?”

“एकटी जाईन म्हणते.”

आत मिल्काबाई बांधलेल्या दोन वळकट्यांच्या मध्ये हात जोडून बसल्या होत्या. एवढ्या वर्षांचं मागणं… मीही व्रत पाळणारी. ते त्यांच्या पदरात अर्धंच पडू देणारी मी कोण?

“चष्मा आत राहिला,” एलिया म्हणाला. “तूच मोज.”

एक सिग्नलवर. एक लिंबाच्या शेंड्याला. आणि ढग जरासा सरकला, तसा इंजिनच्या पाण्याच्या टाकीवर तिसरा… स्वच्छ, ठळक. मी त्या ताऱ्याकडं डोळे भरून पाहिलं.

“दोनच आहेत,” मी म्हणाले.

आत काडी ओढल्याचा आवाज आला. स्टोव्ह फरफरू लागला. मिल्काबाईंनी आज स्वतः पेटवला होता.

“आईला तिसरा दिसला वाटतं…”

“मला नाही दिसला.”

त्यानं आभाळाकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहत राहिला.

“न सांगता मलाही कळतं,” तो हळूच म्हणाला आणि आत गेला.

अजूनही शनिवारचा उपास सोडायला मी ओट्यावर येते. तिसरा तारा दिसल्याशिवाय घास घेत नाही. आणि दिसला, की थोडी थांबते… कुणी काही विचारेल म्हणून.