सहा पायांचा कोळी

मिरजेच्या ‘नादसेतू’ प्रयोगशाळेत एक खोली अशी होती, की तिथे टाळी वाजवली तर ती जणू तळहातातच विझून जाई. भिंतींना, छताला आणि जाळीच्या जमिनीखालीही फोमचे सुळके बसवलेले होते. आवाज त्यांत शिरे आणि परत येत नसे. या खोलीला तिथले लोक ‘नीरव कक्ष’ म्हणत. आज त्या कक्षातल्या खुर्चीवर प्रमिला हेर्लेकर बसल्या होत्या आणि त्या चांगल्याच वैतागलेल्या होत्या.

“बाई, आवाज स्वच्छ येतोय ना?” काचेपलीकडून नौशाद शिकलगार यांनी विचारलं. ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते.

“आवाज स्वच्छ आहे हो. सांगितलं जातंय ते स्वच्छ नाही. तुमच्या माणसांना हेच सांगून माझा घसा बसला.”

नौशाद यांच्या शेजारी डॉ. तनुजा माने बसली होती. ती कीटकशास्त्रज्ञ होती आणि एके काळी बाईंची विद्यार्थिनी होती. आल्यापासून तिने बाईंकडे पाहिलं नव्हतं. बाईंनीही तिच्याकडे पाहिलं नव्हतं.

“दोघी एकदा नमस्कार तरी करा,” नौशाद म्हणाले. “मध्ये काच आहे, भिंत नाही.”

कुणीच नमस्कार केला नाही.

या अबोल्याचं कारण होतं एक पॉडकास्ट.

बाईंनी सांगलीच्या एका शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर डोळे लवकर थकू लागले, पुस्तकं बाजूला पडली आणि त्यांना पॉडकास्टचा शोध लागला. आधी त्यांना वाटलं, हा रेडिओच आहे. मग कळलं, की हा रेडिओ आपल्यासाठी थांबतो. दूध उतू जायला लागलं तर गॅस बंद करून येईपर्यंत बोलणारा तोंडातला शब्द तोंडातच धरून बसतो. बाईंना हे फार आवडलं. पावटे सोलताना, पायऱ्या उतरताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत त्या ऐकत राहिल्या. कुलपांचा इतिहास ऐकला, जहाजं का बुडतात ते ऐकलं, एका सुईणीच्या आठवणी तर दोनदा ऐकल्या. या वयात पुन्हा वर्गात बसायला मिळेल, तेही शेवटच्या बाकावर पाय पसरून, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

पुढे त्यांनी नादसेतूची ‘श्रवणिका’ घेतली. वालाच्या दाण्याएवढं ते उपकरण कानात बसे आणि त्याला वायर नसे. तिच्यातूनच एके दिवशी ओळखीचा आवाज आला. “नमस्कार, मी तनुजा माने. ‘सहा पायांचं जग’ या पॉडकास्टमध्ये तुमचं स्वागत.”

बाईंनी पावट्याची परात बाजूला सारली. आपली तनुजा, सातवीत भिंतीला टेकून बसणारी, नाव विचारलं तरी मान खाली घालणारी, आता अख्ख्या महाराष्ट्राला किड्यामुंग्यांविषयी सांगत होती. तो पहिला भाग त्यांनी जागचं न हलता ऐकला.

दुसऱ्या भागापासून चुकांची रांगच लागली.

काजव्याला हात लावला तर चटका बसतो, असं तनुजा म्हणाली. बाईंनी प्रेमाने आवाजी निरोप पाठवला, की बाळ, तो थंड प्रकाश असतो, पुढच्या वेळी तपासून घे. त्यानंतरच्या भागात पोळ्यातले नर मध गोळा करू लागले. मग चतुराची अंडी पाण्याऐवजी रेतीत गेली. बाईंचे निरोप लांबत गेले आणि त्यांतला ‘बाळ’ हा शब्द कधी गळला ते त्यांनाही कळलं नाही. तनुजाची उत्तरं मात्र तोकडी होत गेली. “बाई, मी असं म्हटलेलं नाही.” “बाई, पुन्हा ऐका.” बाई पुन्हा ऐकत. चूक तिथेच असे, उलट शेजारी आणखी एक उगवलेली असे.

वाईट म्हणजे, तनुजाच एकटी नव्हती. कुलपांचा इतिहास सांगणारा सनावळ्यांत घोटाळे करू लागला. जहाजवाला लाकूड पाण्यात बुडवू लागला. एवढी अर्धवट माणसं माइकसमोर बसवली कुणी, या विचाराने बाईंची झोप उडाली. आपण एवढी वर्षं शिकवलं ते गेलं कुठे?

शेजारच्या शकुंतलाबाईही श्रवणिका लावून ‘सहा पायांचं जग’ ऐकत. “मला बाई ती राणीमाशी मरते तिथं रडूच आलं,” त्या म्हणाल्या.

“त्या भागात राणीमाशी कुठे मरते?”

“अहो, शेवटी. पिल्लांकडं बघत बघत.”

“माशी पिल्लांकडे बघत मरत नसते, शकुंतलाबाई.”

त्या दिवसापासून शकुंतलाबाईंचं कोथिंबीर मागायला येणंही कमी झालं.

बाईंनी नादसेतूच्या मदत-केंद्राकडे तक्रार केली. गोड आवाजात उत्तर आलं, “आमच्या नोंदीनुसार आपण जिल्ह्यातल्या सर्वांत समाधानी श्रोत्यांपैकी एक आहात. अभिनंदन.” बाईंनी पुन्हा तक्रार केली. पुन्हा अभिनंदन झालं.

शेवटी तनुजाचा निरोप आला. “बाई, एकदा कान तपासून घ्या. वय झालं की असं होतं. यात लाजण्यासारखं काही नाही.”

बाईंना ते वाक्य जेवताना, आंघोळ करताना, देवाला फूल वाहताना आठवत राहिलं. चुका खऱ्या असतील तर त्यांची हुशार विद्यार्थिनी बेजबाबदार झाली होती. चुका खऱ्या नसतील तर त्यांचं स्वतःचं डोकं कामातून चाललं होतं. तिसरी शक्यता त्यांना दिसत नव्हती. म्हणून त्यांनी नादसेतूच्या प्रमुखांनाच फोन लावला. “माझे कान तुम्हीच तपासा, आणि त्या मुलीला समोर बसवा.”

सकाळी कान तपासून झाले. कानांत दोष नव्हता.

“आता एक साधा प्रयोग करू,” नौशाद म्हणाले. “बाई, तुमच्या श्रवणिकेत वाळवीचा भाग लावतो. जे ऐकू येईल ते मोठ्याने म्हणायचं. मॅडम, तुम्ही तुमची मूळ संहिता वाचायची, एकेक वाक्य.”

बाईंनी डोळे मिटले. “वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो,” त्या म्हणाल्या.

“वाळवीला आपण पांढरी मुंगी म्हणतो,” तनुजाने वाचलं.

“आणि ते बरोबरच आहे, कारण वाळवी ही मुंग्यांचीच एक जात आहे.”

तनुजा वाचता वाचता थांबली. मग कागदावर बोट ठेवून तिने सावकाश वाचलं, “पण ते चूक आहे. वाळवीचं नातं मुंगीशी नाही, झुरळाशी आहे.”

बाईंनी डोळे उघडले आणि आल्यापासून पहिल्यांदा तनुजाकडे पाहिलं. “हे तू म्हणालीस? झुरळाशी?”

“हेच म्हणाले होते, बाई.”

“आणि माझ्या कानात तुझ्याच आवाजात उलटं आलं.”

दोघींनी एकदमच नौशाद यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

“आमचे आजोबा सतारीला जवारी लावायचे,” ते म्हणाले. “घोडीवर तारा टेकतात ना, ती जागा कानशीने किंचित घासायची. तेवढ्याने आवाजाचा रंग बदलतो. कुणाला उघडा आवाज हवा असतो, कुणाला बंद. आजोबा वाजवणाऱ्याचा चेहरा बघत घासायचे. श्रवणिका तेच करते. कानाच्या नळीतल्या कातडीवर मेंदूचे अगदी बारीक विद्युत-स्पंद मिळतात. आमचा ‘अवधानमापक’ ते टिपतो आणि तुमचं लक्ष किती लागलंय ते सांगतो. लक्ष उडालं की लोक अर्ध्यावर ऐकणं सोडतात. म्हणून आम्ही एक ‘अनुकूलक’ केला. कुठल्या वाक्याला लक्ष वाढलं ते तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या भागात तशी वाक्यं जास्त घालतो. बोलणाऱ्याच्याच आवाजात.”

“मला न विचारता?” तनुजाने विचारलं.

“करारात आहे, मॅडम. ‘मांडणीत किरकोळ बदल’. आम्हाला वाटलं, उदाहरणं मागेपुढे होतील, एखादा विनोद वाढेल.”

“म्हणजे शकुंतलाबाईंची माशी...” बाई पुटपुटल्या. “त्यांना रडायला आवडतं. म्हणून त्यांच्या कानात ती मरते.” त्या खुर्चीत पुढे सरकल्या. “पण शिकलगार, मला चुका आवडत नाहीत. चूक ऐकली की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.”

“होतो ना? तेव्हा तुमचं लक्ष कुठे असतं?”

बाईंचा हात नकळत कानातल्या श्रवणिकेकडे गेला.

“मापकाला आवड कळत नाही, बाई. राग कळत नाही, खरं-खोटंही कळत नाही. त्याला फक्त लक्ष कळतं. बरोबर वाक्य तुम्ही मान डोलावून सोडून देता. चुकीच्या वाक्याशी तुम्ही दिवसभर भांडत बसता. मापकाची सुई वर जाते आणि वरच राहते. त्याच्या दृष्टीने तुमच्याइतकं प्रेमाने कुणी ऐकतच नाही.”

“आणि मी तक्रार केली, की तुम्ही माझं अभिनंदन करता.”

“हो,” नौशाद म्हणाले. त्यांनी मान खाली घातली होती. “हे आमच्या ध्यानातच आलं नाही.”

“यांनी मला पाठवलेले निरोप? तेही बदलून आले का?” तनुजाने जरा आशेने विचारलं.

“नाही. निरोप अनुकूलकातून जात नाहीत. दोन्हीकडचे जसेच्या तसे पोचले.”

तनुजाने नजर कागदांत घातली, बाईंनी पायांखालच्या जाळीत.

पण बाई शिक्षिका होत्या आणि त्यांच्या डोक्यात एक प्रश्न अडकला होता. “एक सांगा. अनुकूलकाला आपल्या मनाने काही सुचत नाही. जे आधी ऐकवलं, त्यातलंच तो वाढवतो. बरोबर?”

“बरोबर.”

“मग पहिली चूक कुठून आली? मला चूक ऐकली की लक्ष लागतं, हे कळायला त्याला आधी एक चूक लागणार. तीही खरी.”

नौशाद यांनी क्षणभर विचार केला. “पहिला भाग प्रत्येकाला मूळचाच ऐकवतो आम्ही. तेव्हा यंत्राला श्रोत्याची ओळख नसते. म्हणजे चूक असलीच, तर पहिल्या भागात असणार. मॅडमच्या तोंडची.”

तनुजाने कागद उलटा करून ठेवला. “आहे,” ती म्हणाली. “एकच. मी मुद्दाम घातली होती.”

“मुद्दाम?”

“बाई दर शुक्रवारी फळ्यावर मुद्दाम एक चूक लिहायच्या,” तिने नौशाद यांना सांगितलं. “जो पकडेल त्याच्या हातात खडू. एका शुक्रवारी त्यांनी कोळी काढला होता, सहा पायांचा. मी हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदा. तोंडातून शब्द फुटेना. बाई रागावल्या नाहीत, की शाबासही म्हणाल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, ‘मोज.’ मी फळ्याजवळ गेले, मोठ्याने पाय मोजले आणि आणखी दोन पाय काढून आठ केले. त्यानंतर मी जे काय झाले ते त्या दोन पायांमुळे.” ती आता काचेशी बोलत होती. “म्हणून पहिल्या भागात तोच कोळी घातला. वाटलं, बाई ऐकतील, पकडतील आणि मला फोन करतील. पुढच्या भागात त्यांचं नाव घेऊन मी चूक सुधारणार होते. बाईंनी मी न केलेल्या सगळ्या चुका पकडल्या, पण ती एक सोडून दिली. मला वाटलं, विसरल्या.”

“मी पकडली होती,” बाई म्हणाल्या. “मघाचा प्रश्न म्हणूनच विचारला.”

“मग बोलला का नाहीत?”

“पहिला दिवस होता तुझा.” बाईंचा आवाज त्या खोलीत फार लहान वाटला. “पहिल्या दिवशी मी कुणाची चूक काढत नाही. नवीन मूल असलं की आठवडाभर सोडून द्यायची, मग हळूच सांगायची. नियमच होता माझा. मी ती गिळली. पण दिवसभर टोचत होती हं मला ती.”

“यंत्राला तेवढं पुरलं,” नौशाद म्हणाले.

“आणि तनुजा, खरं सांगते. सहा पायांचा कोळी मी दर वर्षी काढायचे. कुठल्या वर्षी कुणी पकडला, ते माझ्या लक्षात राहिलं नाही.”

तनुजाने हे ऐकून घेतलं. लागलं असावं. पण ती उठली नाही. “पहिला भाग लावता का?” तिने नौशाद यांना विचारलं. “साध्या स्पीकरवर.”

नौशाद यांनी लावला. बाईंच्या कानातला अवधानमापक त्यांनी चालू ठेवला. अनुकूलकाला आज फक्त बघायची परवानगी होती, विचारल्याशिवाय काही बदलायची नव्हती. पडद्यावर सुई संथ हलत होती. तनुजाचा आवाज, थोडा घाबरलेला, खोलीत आला. “नमस्कार, मी तनुजा माने...” बाई ऐकत राहिल्या. किती नीट बोलते ही, त्यांच्या मनात आलं. एवढे दिवस आपण हिला ऐकलंच नाही.

“...आणि तुमच्या घरात एक कीटक तर नक्कीच आहे. छताच्या कोपऱ्यात सहा पायांवर बसलेला कोळी.”

सुई ताडकन वर गेली.

बाई खुर्चीत ताठ झाल्या. “तनुजा,” त्या म्हणाल्या, “मोज.”

डॉ. तनुजा माने उठून उभी राहिली. काचेवर एकेक बोट टेकवत तिने मोजायला सुरुवात केली. पाचानंतर तिला दुसरा हात वर करावा लागला. “...सहा, सात, आठ. आठ, बाई. आणि तो कीटक नाही.”

“हं,” बाई म्हणाल्या. “पुढे चालू दे.”

त्या मागे टेकल्या. नौशाद यांनी पडद्याकडे पाहिलं. सुई हळूहळू उतरत होती. बाईंच्या बाबतीत वर गेलेली सुई पुन्हा अशी खाली आलेली त्यांच्या पाहण्यात नव्हती. ती अगदी तळाशी येऊन टेकली आणि अनुकूलकाने आपल्या समजुतीप्रमाणे पडद्यावर अक्षरं उमटवली.

‘श्रोत्याचं लक्ष उडालं आहे. मजकूर बदलू का?’