चिमणीचा एक डोळा

खडेबाजारातल्या रंगाच्या दुकानात निळ्या रंगाची एकच पुडी उरली होती, आणि विद्युल्लता पायऱ्या चढून वर येईपर्यंत ती दुसऱ्याच्या पिशवीत गेली होती.

लढाईचे दिवस होते. विलायती रंग मुंबईलाच मिळत नव्हते, तर बेळगावला कुठून येणार? दुकानदारानं नुसते हात हलवले. तरी विद्युल्लतानं रुमालाची गाठ सोडली, आतली बोटभर चिंधी काढून गल्ल्यावर ठेवली, आणि असाच निळा हवा, दुसरा चालणार नाही, असं सांगून ती उभीच राहिली. इरकली लुगड्याची चिंधी होती ती. धुऊन धुऊन मऊ झालेली.

पुडी घेतलेला माणूस जाता जाता थांबला. उंच, सावळा, कोटाच्या बाहीवर हिरवा डाग. चिंधीवर तो असा हलकेच वाकला, जणू तिथं कुणी झोपलंय आणि त्याला जाग यायला नको.

“हा निळा पुडीत मिळायचा नाही,” तो म्हणाला. “हा करावा लागतो.”

“तुम्हाला करता येतो?”

“येईल. पण चिंधी माझ्याजवळ ठेवावी लागेल.”

विद्युल्लतानं चिंधी उचलून मुठीत घेतली. “चिंधी मिळणार नाही.”

“मग…” तो क्षणभर घुटमळला, “मलाच चिंधीपाशी यावं लागेल.”

इतक्या सरळ चेहऱ्यानं तो हे बोलला, की यावर आपण रागवायला हवं होतं हे तिच्या ध्यानात आलं ते गणपत गल्लीचा कोपरा वळल्यावर.

तो उपेंद्र अकोळकर. मूळचा निपाणीचा; शाळेतले ड्रॉईंगमास्तर आजारी पडले म्हणून त्यांच्या जागी काही महिन्यांपुरता आलेला. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो खरंच टिळकवाडीतल्या घराच्या फाटकाशी उभा राहिला, हातात ती पुडी घेऊन.

रंग कशाला हवा होता, हे परक्याला सांगणं सोपं नव्हतं. विद्युल्लताची थोरली बहीण पद्मजा बाळंतपणाला माहेरी आली होती. घराच्या मागच्या अंगाला बाळंतिणीची खोली. दोन वर्षांपूर्वी तिथंच, खिडक्यांना गोणपाटं लावलेल्या अंधारात, पद्मजाचं पहिलं बाळ जन्मलं आणि रडलंच नाही. तेव्हा आई होती. आईनं खोलीला कुलूप घातलं, लेकीला कुशीत घेतलं आणि सगळं निभावून नेलं. गेल्या माघात आई गेली. आता कुलूप निघालं तेव्हा पद्मजा उंबऱ्यापर्यंत आली, आत पाहिलं आणि मागे फिरली. या खोलीत मी येणार नाही, एवढंच म्हणाली. पण त्या दिवसापासून तिचं जेवण तुटलं. हिंडलग्याची सुईण नागुबाई तपासायला आली होती. तिनं जाताना विद्युल्लताला परसात गाठलं.

“भ्यालेली बाई कळा धरून ठेवती बग. मूल वाटंतच अडकतं. तुझ्या आक्काची भीती तेवढी घालीव, मग फुडचं मी बघतो.”

भीती कशी घालवायची ते मात्र नागुबाईनं सांगितलं नाही. विद्युल्लतानं आपल्यापुरतं ठरवलं. गोणपाटं काढायची, भिंती उजळायच्या, त्यांवर पोपट, हत्ती, वासरं, चिमण्या. आणि पाळण्यासमोर एक मोर, आईच्या लुगड्याच्या निळ्या रंगाचा.

आत्याबाईंनी हे ऐकलं आणि हातातलं ताट खाली ठेवलं. आप्पांच्या या थोरल्या बहिणीचा शब्द घरात सहसा कुणी मोडत नसे. मूल जन्मायच्या आधी त्याचं अंगडंसुद्धा शिवत नाहीत, आणि ही पोर आख्खी खोली सजवायला निघालीय, असं त्या आप्पांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. आप्पा वकील, पण घरात त्यांना कुठलीच बाजू घेता येईना. शेवटी त्यांनी विद्युल्लताला जवळ बोलावलं.

“काही कमीजास्त झालं, तर त्या भिंतींचं ओझं जन्मभर वागवशील का?”



वाट काढली ती उपेंद्रनं. त्यानं आत्याबाईंना सांगितलं, निपाणीला त्याचे काका गणपती करतात. मूर्ती रंगते, पितांबर होतं, दागिने चढतात. पण डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती नुसती माती. इथंही तो डोळे ठेवणार नव्हता. बाळ आलं, की मग डोळे. तोवर चित्र पुरं झालं असं कुणी म्हणायचं नाही.

आत्याबाईंनी डोळ्यांशिवाय म्हणजे काहीच नाही ना, हे पुन्हा एकदा वदवून घेतलं, आणि वातींचा कापूस घेऊन खोलीच्या दारातच ठाण मांडलं. परका तरुण आणि घरातली उपवर मुलगी… भिंतीवर काय व्हायचं ते होवो, भिंतीच्या अलीकडे काही व्हायला नको होतं.

शाळा सुटली की तो येई. पिवळी पिवडी भिजे, लाल हिंगूळ खलला जाई, सरसाच्या उग्र वासानं परसातलं मांजर पळून जाई. तो शिडीवर, ती खाली वाट्या धरून. पद्मजाला तो ‘ताई’ म्हणे. विद्युल्लताला मात्र काहीच म्हणत नसे. जरा ती वाटी. सरस आटतोय. तो बारीक कुंचला…

एक दिवस तिनं वाटी वर दिलीच नाही.

“मला काही नाव नाही वाटतं?”

“आहे की.”

“मग?”

तो भिंतीकडेच बघत राहिला. “ताई म्हणायचं, तर मनातून येत नाही,” तो म्हणाला. “आणि नुसतं नाव घ्यायचं, तर… अजून धीर होत नाही.”

दारात आत्याबाईंची वात वळता वळता तुटली.

निळा मात्र जमत नव्हता. कधी जांभळ्याकडे झुके, कधी राखेकडे. ती रोज चिंधी भिंतीला लावून धरी आणि मान हलवी. मग एका संध्याकाळी त्यानं मोराच्या गळ्यावर एक फटकारा मारला, तिनं चिंधी लावली, आणि चिंधी कुठं संपते आणि भिंत कुठं सुरू होते तेच कळेना. विद्युल्लता बाहेर गेली. विहिरीपाशी बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून तीच वाटी ढवळत बसला होता. त्यानं वळून पाहिलं नाही, काही विचारलंही नाही. त्या न विचारण्यानंच तिला तो आपला वाटला असावा.

पद्मजा पहिल्यांदा दारातून बघून गेली. मग उंबऱ्यावर बसू लागली. एक दिवस आत येऊन पोपटांखाली टेकली आणि चहूकडे पाहून म्हणाली, “हे काय गं विद्यू, बाळाला आंधळी कोशिंबीर खेळायला शिकवणार होय?” त्या रात्री ती पोटभर जेवली.

उपेंद्रनं विद्युल्लताला डोळा ठेवायला शिकवलं ते पाटीवर. श्वास रोखायचा, टोक टेकवायचं, उचलायचं. दुसऱ्यांदा हात लावायचा नाही. तिचे ठिपके ओघळत. तो हसत नसे, पण त्याच्या ओठांचा कोपरा हले, आणि तो हलला की तिचा पुढचा ठिपका हमखास बिघडे.

आणि मग ती दुपार. घर सगळं पहुडलं होतं. खोलीत ती एकटीच. पाळण्याच्या कडीशेजारी एक चिमणी होती, एका अंगानं बसलेली, चोच जरा वर. विद्युल्लताच्या हातात बारीक कुंचला होता, काळा रंग ओला होता. आज आपला हात कापत नाही, एवढंच तिला जाणवलं. श्वास रोखला, टोक टेकवलं, उचललं.

चिमणीनं तिच्याकडे पाहिलं.

केवढा आनंद झाला तिला. आणि लगेच ध्यानात आलं. एका अंगानं बसलेल्या त्या चिमणीला दुसरा डोळा लागतच नव्हता. ती पुरी झाली होती.

पुसायला ती ओलं फडकं आणायला धावली, तोच पलीकडच्या खोलीतून पद्मजानं हाक मारली. दिवस भरायला अजून अवकाश होता. तरी कळा सुरू झाल्या होत्या.

पुढचं सगळं भराभर झालं. नागुबाईला आणायला टांगा गेला. पाणी तापलं. पद्मजाला रंगवलेल्या खोलीत नेलं, दार लागलं, आणि लग्न न झालेली म्हणून विद्युल्लता दाराबाहेर राहिली. हातात ते ओलं फडकं तसंच. आतून पद्मजाचं कण्हणं येई, मध्येच थांबे, आणि थांबलं की जास्त भीती वाटे. नागुबाईचा आवाज सुरुवातीला थट्टेचा होता. उन्हं उतरली तसा तो तुटक झाला. मग नुसतं, “दम धर. दम धर गं बाय.”

दिवेलागणीला उपेंद्र आला. शाळेतलं त्याचं काम संपलं होतं, हे सांगायला. ओसरीच्या टोकाला आप्पा डोळे मिटून बसलेले. विद्युल्लतानं त्याला पारिजातकापाशी गाठलं.

“मी… चिमणीला डोळा ठेवला. दुपारी. आणि लगेच…”

त्याचा चेहरा उतरला. तो धीर द्यायला लागला असता तर तिचा विश्वास बसला नसता. पण तोही भ्याला होता, हे तिला स्वच्छ दिसलं.

“कुणी पाहिलंय?”

ती काही म्हणणार, तोच मागचं दार उघडून आत्याबाई बाहेर आल्या. केस सुटलेले, पदर कमरेला. त्या थेट या दोघांसमोर येऊन थांबल्या.

“पाळण्यापाशी त्या चिमणीला डोळा कुणी ठेवला?”

विद्युल्लतानं तोंड उघडलं.

“मी,” उपेंद्र म्हणाला.

“डोळे ठेवणार नाही, असा शब्द दिला होता तुम्ही.”

“होय. दिला होता.”

“मूल अडकलंय आत,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. “बरंवाईट काय व्हायचं ते होईल. पण तुम्ही या घरात पुन्हा पाऊल टाकू नका.”

त्यानं मान खाली घातली आणि तो निघाला. जाताना विद्युल्लताकडे एकदाच पाहिलं. त्या पाहण्यात तू बोलू नकोस, एवढंच होतं. तिला ओरडून सांगायचं होतं. पण आतून पद्मजाची किंकाळी आली, आणि ती दाराकडे धावली.

मग काहीच ऐकू येईना. कण्हणं नाही, नागुबाई नाही. दोन वर्षांपूर्वी अशीच शांतता होती. आईनं तेव्हा विद्युल्लताचा हात धरला होता. आता ओल्या फडक्याशिवाय धरायला काही नव्हतं. आप्पा उठून उभे राहिले. मग आत एक चापट वाजली, आणखी एक. आणि एक बारीक, चिडलेला, कुणावर तरी रागावल्यासारखा टाहो फुटला.

“आल्या बाईसाब,” नागुबाई आतून म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. “लई भाव खाल्ला की गं भवाने.”

विद्युल्लता फाटकाकडे पळाली. पलीकडे, रस्त्याच्या कडेला, अंधारात कुणीतरी उभं होतं. ती फाटकाला हात घालायच्या आत त्यानं टोपी काढून कपाळाला लावली, आणि पावलं दूर गेली.

पाचवीच्या पूजेनंतर तिनं आत्याबाईंना खरं ते सांगितलं. आत्याबाई इरकली लुगड्याचं दुपटं शिवत होत्या. आईच्याच लुगड्याचं, ज्यातली चिंधी कापली होती. सुई थांबली.

“म्हणजे तो मास्तर खोटं बोलला.”

“हो.”

“मूल गेलं, तर ते स्वतःच्या माथी येईल, हे ठाऊक असून.”

“हो.”

आत्याबाईंनी दोरा दातानं तोडला. “बारशाला बोलाव त्याला,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचे डोळे राहिलेत अजून.”

तो आला, पण बायकांनी भरलेल्या खोलीत पुरुषाला कसं यायचं? तो खिडकीबाहेर उभा राहिला, शेजारी त्याची वळकटी. दुपारच्या सर्व्हिस मोटारीनं त्याला निपाणीला जायचं होतं. म्हणून शिडीवर विद्युल्लता चढली. पद्मजा बाळाला घेऊन पोपटांखाली बसली. पोपटांनी डोळे उघडले, हत्तीनं उघडले, वासरं एकमेकांकडे बघू लागली. एकही ठिपका ओघळला नाही. शेवटी मोर राहिला. तिनं श्वास रोखला.

“मोराची नजर समोर हवी होती,” खिडकीतून आवाज आला. “बुबुळ खिडकीकडे गेलं.”

“समोर कुणी नव्हतं,” ती म्हणाली.

खोलीत बायकांची कुजबुज थांबली होती.

“विद्युल्लता,” तो म्हणाला. पहिल्यांदाच. मग जरा दम घेऊन, “पुन्हा येईन तो आप्पांना विचारायलाच येईन. येऊ?”

तिनं कुंचला वाटीत ठेवला. “मोराला असं तिरकं बघायला लावून किती दिवस ठेवणार?”

पाळण्याची दोरी हातात घेऊन बसलेल्या आत्याबाईंनी मान वर केली नाही.

“आप्पा आत्ता ओसरीवरच बसलेत,” त्या म्हणाल्या. “निपाणीची मोटार काय, उद्याही जाते.”

उपेंद्रनं वळकटी भिंतीला टेकवली. कोटाच्या बाहीवरचा हिरवा डाग तळव्यानं झाकायचा उगीच एकदा प्रयत्न केला, आणि तो ओसरीकडे वळला. खाली बायकांनी बाळाला पाळण्यात घातलं, पाळणा म्हणायला सुरुवात झाली. विद्युल्लताला कुणीतरी खाली बोलावलं. ती उतरली नाही. शिडीवरून, खिडकीतून, आप्पा बसले होते तो ओसरीचा कोपरा दिसत होता.